रामराव बोंडे पिक्चरमध्ये काम करतात

आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत कोणी म्हटलं असतं की रामराव बोंडे घाबरलेत, तर लोक हसले असते. खणखणीत आवाज, पांढऱ्या मिशा, आणि समोर कोणीही आलं तरी त्याला बसवून दोन गोष्टी ऐकवायची सवय. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी अडतीस वर्षं गादीवर बसून तागे उलगडले. बाई दुकानात आली की ते आधी तिच्याकडे नीट बघायचे आणि मग म्हणायचे, "दीदी, छोटी बहन की शादी में आप अंगूरी रंग की ले गई थीं ना, पल्ले पे मोर वाली?" त्या लग्नाला बारा वर्षं झालेली असायची. बाई तिथेच बसायची आणि दोन साड्या जास्त घेऊन जायची.

मी त्यांच्याच ओळीत, चौथ्या घरात राहतो. पुढचं सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलं आहे. जे त्यांच्या हातून सुटलं, ते शकुवहिनींनी भरून दिलं.

त्यांचे आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या कामावर इकडे हिंदी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मुलगा आनंद आणि सून दोघंही नोकरीवर जातात. नात समृद्धी सातवीत आहे. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर ती हिंदीतच देते. आजोबा मराठीत ओरडतात, नात हिंदीत ओरडते, आणि दोघांचं छान जमतं.

हे भांडण बघूनच अजिंक्यला कल्पना सुचली. अजिंक्य आमच्या कॉलनीतलाच, अठ्ठावीस वर्षांचा. मोबाइलवर बघायचे छोटे विनोदी पिक्चर बनवतो. गेल्या गणपतीत रामरावांनी स्टेजवर पोरांना गोष्ट सांगितली ती त्याने ऐकली होती. दिवाळीच्या आधी तो घरी आला आणि चिवडा खाता खाता त्याने आपली कहाणी सांगितली. एक तासाचा पिक्चर, क्रिसमसचा. साठ वर्षांपूर्वीची रेल्वे कॉलनी. तिथली रोझी आंटी दर क्रिसमसला आंगणातल्या सगळ्या पोरांना आपापली इच्छा चिठ्ठीवर लिहायला लावते आणि त्या चिठ्ठ्या मोरपंखीच्या झाडाला बांधते. एका वर्षी वारा सुटतो, चिठ्ठ्या उडतात आणि भलत्याच बापांच्या हाती लागतात. ज्याला सायकल पाहिजे त्याच्या घरी कोंबडी येते. जिला कोंबडी पाहिजे तिला गणिताची शिकवणी लागते. हे सगळं आता म्हातारा झालेला एक जण आपल्या रुसलेल्या नातीला सांगतो.

"तो म्हातारा मी?" रामरावांनी विचारलं. "अरे, मी बोंडे. क्रिसमसचा आणि माझा काय संबंध?"

"कहानी में आप पड़ोस के बच्चे हैं, दादाजी. और पोती अपनी समृद्धी."

समृद्धी पलंगावरून उडी मारून खाली आली. रामरावही खूश झाले. सॅन्टाच्या कपड्यासाठी लाल कापड लागणार होतं, ते आपणच आणू म्हणाले. कापड आणायला दुसरं कोणी जाणं त्यांना पटलंच नसतं.

दिवाळीनंतर एका सोमवारी सकाळी अकराला ते बड्या फुहाऱ्याला गेले. चार मीटर लाल फ्लॅनेल घेतलं, बाहीला लावायला पांढरी झालर घेतली, पिशवी काखेत मारली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

खाली आल्यावर त्यांना कळेना की कुठे जायचं.

समोर रस्ते होते. माणसं, हातठेले, ई-रिक्षा, रोजचाच गोंधळ. पण यातला आपला रस्ता कोणता, आपण आलो कुठून, हे काही केल्या सापडेना. आधी त्यांना वाटलं, चक्कर येऊन राहिली. ते पायरीवर बसले. डोकं अगदी ठीक होतं. काखेत कापड आहे, ते सॅन्टाचं आहे, हेही ठाऊक होतं. फक्त ही जागा ओळखीची राहिली नव्हती. अडतीस वर्षं ज्या रस्त्यांवरून ते रोज आले-गेले, तिथे ते नवख्या माणसासारखे बसले होते. तळहात ओले झाले आणि पिशवीचा कागद बोटांना चिकटायला लागला.

"क्या रामराव भैया, आज इधर?" समोरून कोणीतरी हाक मारली.

"हाँ हाँ, बस यूँ ही," ते हसून म्हणाले. हाक मारणारा कोण, तेही त्यांना कळलं नव्हतं.

कोणालाही विचारलं असतं तर रस्ता सांगितला असता. पण तिथे सगळेच त्यांना ओळखत होते. रामराव बोंडे बड्या फुहाऱ्यावर उभे राहून घरचा रस्ता विचारून राहिले, ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या बाजारात झाली असती. म्हणून ते बसून राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता येत नाही. शेवटी एक ई-रिक्षावाला ओरडत गेला, "अधारताल, महाराजपुर, महाराजपुर!" हे नाव ऐकलं आणि ते धावले.

घरी शकुवहिनींनी विचारलं, "इतका उशीर?"

"गर्दी होती."

कापडाची पिशवी पलंगावर ठेवून ते तोंड धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ते रक्त तपासून आले. शुगर असेल, तिच्यामुळेच असं होतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. रिपोर्ट चांगला आला. "एकदम नॉर्मल, अंकल," काउंटरवरचा माणूस म्हणाला. तो कागद हातात घेऊन ते दवाखान्याच्या बाकावर बसले. शुगर निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं, असं ते मला म्हणाले.

पिक्चरला नाही म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. पण का, असं सगळ्यांनी विचारलं असतं. शिवाय त्यांनी आतल्या आत एक हिशेब बांधला होता. दहा पानांचे डायलॉग आहेत. ते पाठ झाले, न अडखळता म्हणता आले, तर आपल्याला काहीही झालेलं नाही. बाकीच्यांसाठी ती मजा होती. रामरावांसाठी ती परीक्षा होती, आणि ती चालू आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

शूटिंग सदर नावाच्या भागातल्या एका जुन्या बंगल्यात होतं. नोव्हेंबरातली थंडी, मोठा व्हरांडा, आंगणात मोरपंखीचं झाड आणि त्याला रंगीत चिठ्ठ्या बांधलेल्या. रामरावांना शाल आणि आरामखुर्ची दिली होती. समृद्धी पिंकी झाली होती. मेघना नावाची एक मुलगी वही घेऊन कॅमेऱ्याशेजारी बसायची. कोणी कोणत्या हातात कप धरला होता, कोण काय बोललं, सगळं ती लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी चूक होऊ नये.

पहिले तीन दिवस चांगले गेले. पहाटे उठून रामराव मागच्या आंगणात फेऱ्या मारत डायलॉग म्हणायचे. अवघड ओळी चिठ्ठ्यांवर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. घरी येऊन तोंड धुताना पुन्हा म्हणून बघायचे. सगळं येत होतं. तिसऱ्या दिवशी येताना त्यांनी सगळ्यांसाठी खोव्याची जिलेबी आणली.

चौथ्या दिवशी ओळ सोपी होती. "उस साल आँगन में सात बच्चे थे, और सात चिट्ठियाँ."

कॅमेरा सुरू झाला. "उस साल आँगन में..." रामराव म्हणाले, आणि पुढे काहीच नव्हतं. त्यांनी समृद्धीकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. सगळे वाट बघत होते. शालीखाली त्यांचा हात खिशातली चिठ्ठी शोधू लागला, पण चिठ्ठी काढणार कशी? शेवटी त्यांच्या तोंडून निघालं, "...कोई तो थे."

आधी समृद्धी फिसकन हसली. मग दिवा धरणारा हसला. मग सगळा व्हरांडा.

"कट! दादाजी, ये क्या किया आपने! गज़ब!" अजिंक्य येऊन त्यांच्या पाया पडला. "यही तो चाहिए था. दादाजी भूलते हैं और पिंकी याद दिलाती है. पूरी फिल्म में यही रखेंगे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामराव हसले, मिशीवरून हात फिरवला. दुसरा हात त्यांनी शालीतून बाहेरच काढला नाही, खिशातली चिठ्ठी अजून त्या मुठीत होती.

मग अजिंक्यला तेच दुसऱ्या बाजूने घ्यायचं होतं. "बिलकुल वैसे ही भूलिए, दादाजी."

"उस साल आँगन में सात बच्चे थे, और सात चिट्ठियाँ," रामराव धडाधड म्हणाले.

"नहीं नहीं, भूलना है."

पुन्हा तेच. सात मुलं, सात चिठ्ठ्या, आणि वर त्या साती मुलांची नावंसुद्धा. पाच टेक झाले. अजिंक्य वैतागला. पण मुद्दाम विसरायला रामरावांना जमेचना, आणि त्यांना इतका आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दोन समोसे जास्त खाल्ले. आपल्याला विसरताच येत नाही! त्या दुपारी त्यांची भीती पार गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मेघना त्यांच्यासाठी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटा, तुम्हारा नाम क्या है?"

ती हसली नाही. "मेघना. दादाजी, आज आपने तीसरी बार पूछा."

"अरे, सुंदर नाम है, इसलिए बार-बार सुनता हूँ."

"मेरी नानी भी..." एवढं बोलून ती थांबली आणि कप ठेवून निघून गेली.

बाकी सगळे त्यांच्या विसरण्यावर हसत होते. ही एकटी हसत नव्हती, आणि तिचीच त्यांना जास्त भीती वाटायला लागली. तिच्या त्या वहीत आपलं सगळं लिहिलेलं असेल, किती वेळा काय विसरलो ते सगळं, असं त्यांच्या मनाने घेतलं. ती समोर आली की ते तोंड फिरवायचे. अजिंक्य रोज नव्या जागा काढून त्यांना विसरायला सांगत होता. काही जागी ते सांगितल्याप्रमाणे विसरायचे, काही जागी खरंच. कोणतं विसरणं खरं आणि कोणतं पिक्चरचं, हे शेवटी शेवटी त्यांनाही सांगता येईना. घरी शकुवहिनींनी काही विचारलं आणि उत्तर सुचलं नाही, की ते म्हणायचे, "रोलची प्रॅक्टिस करून राहिलो."

आठव्या दिवशी चार वाजता काम संपलं. लोक वायर गुंडाळत होते. समृद्धी शाळेच्या स्वेटरवर जॅकेट चढवून आली.

"आबा, चलो ना. ठंड लग रही है."

रामराव खुर्चीतून उठले नाहीत. प्रेमाने म्हणाले, "पिंकी बेटा, तू हो पुढे. मी थांबतो जरा. माझी नात शाळेतून येऊन राहिली, तिला घेऊनच जाईन."

"दादाजी तो रोल से निकल ही नहीं रहे!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. समृद्धीही हसली. मग तिने पाहिलं की आजोबा फाटकाकडे बघत आहेत. कोणाची तरी वाट बघणारा माणूस बघतो तसे. ते तिच्याकडे वळतील, डोळा मारतील, म्हणून ती थांबली. ते वळले नाहीत.

"आबा, मैं ही तो हूँ."

ते तिच्याकडे बघून हसले. परक्या पोरीकडे बघून हसतात तसं.

तेव्हा ती त्यांच्या गुडघ्यापाशी बसली आणि जी भाषा ती कधी बोलत नव्हती त्या भाषेत म्हणाली, "आबा, मी समृद्धी. तुमची समृद्धी."

सगळं एकदम परत आलं, असं रामराव सांगतात. तिचं नाव, तिचा चेहरा, हा बंगला, आजचा वार. आणि त्याबरोबर हेही की आपण आत्ता काय केलं. तिच्या खांद्याचा आधार घेऊन ते रिक्षापर्यंत आले. अधारताल आल्यावर ते म्हणाले, "घरी सांगू नको, बेटा."

तिने मान हलवली. बारा वर्षांच्या पोरीवर आपण काय टाकलं, ते त्यांना मागाहून कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की आनंदला कळता कामा नये, शकुला कळता कामा नये.

समृद्धीने संध्याकाळी खाल्लं नाही. सकाळी दप्तर भरता भरता ती रडायला लागली आणि तिने आजीला सगळं सांगून टाकलं.

रामराव मागच्या आंगणात फेऱ्या मारत होते. शकुवहिनी मेथीची जुडी घेऊन आल्या आणि पायरीवर बसून निवडायला लागल्या. थोड्या वेळाने खाली बघतच म्हणाल्या, "अहो, बसा इथे."

ते बसले.

"पोरगी सांगत होती."

"पोरगी काहीही सांगते. पिक्चरचं होतं ते."

"भाऊबीजेला तुम्ही तुमच्या बहिणीला दोनदा ओवाळणी दिली," वहिनी म्हणाल्या. "तिने दुसरी मला परत आणून दिली. त्याच्या आधी गॅस चालू राहिला, दोनदा. तुम्ही रोज सकाळी दूध आणायला जाता ना, मी फाटकात उभी राहते. तुम्ही वळणावरून बरोबर वळता का, ते बघते. मग आत येते."

आपण लपवतो आहोत असं रामरावांना वाटत होतं, आणि ही रोज फाटकात उभी राहत होती.

"मग काहून नाही बोललीस?"

"बोलली असती तर खरं झालं असतं." वहिनींनी मेथीची काडी मोडली. "तुम्ही काहून नाही बोलले?"

"मला वाटलं तू घाबरशील."

"मी तर दिवाळीपासून घाबरूनच राहिली आहे जी," त्या म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

मग रामरावांनी बाजारातला तो सोमवार त्यांना सांगितला.

दोन दिवसांनी आनंद त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या रामराव आपला पत्ता, पोराचा फोन नंबर, आजची तारीख मनात घोकत होते, शाळेतल्या पोरासारखे. आत गेल्यावर डॉक्टरांनी वेगळंच विचारलं. तीन शब्द सांगितले, आम, कुर्सी, रुपया, आणि ते लक्षात ठेवा म्हणाले. मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. रामरावांनी गोल छान काढला, आकडे मन लावून लिहिले. लिहून झाल्यावर त्यांनी शकुवहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा कागदाकडे. बाराचे बारा आकडे एकाच बाजूला दाटीने बसले होते. अर्धं घड्याळ कोरं होतं.

"अब वो तीन शब्द बताइए."

"आम," ते म्हणाले. "कुर्सी." तिसरा आलाच नाही. तिसरा शब्द होता की नव्हता, याचाच त्यांना संशय यायला लागला.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी काही झाकलं नाही. डोक्याचा फोटो आणि आणखी तपासण्या सांगितल्या, पण आपल्याला काय वाटतं तेही सांगितलं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, मागे फिरणार नाही.

"बोलना तो रहेगा ना?" रामरावांनी विचारलं.

"कुछ साल तो, शायद."

रामरावांनी मान डोलावली. उठताना त्यांना खुर्ची मागे सरकवायची हे सुचलं नाही, आणि आनंदने ती सरकवली.

पिक्चरचं दोन दिवसांचं काम राहिलं होतं. आनंद म्हणाला, आता बस झालं. "बाबा, लोक हसतील."

"हसूनच राहिले आहेत लोक दहा दिवसांपासून," रामराव म्हणाले. "मी जाईन. पण शकु माझ्यासोबत येईल."

त्या दिवशी सदरच्या बंगल्यात पोचल्यावर त्यांनी शाल अंगावर घेतली नाही. अजिंक्यला म्हणाले, सगळ्यांना बोलाव. वायरवाले, दिवेवाले, मेघना, सगळे व्हरांड्यात जमले. रामराव खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"मैं एक्टिंग नहीं कर रहा था," ते म्हणाले. "मला विसरायचा आजार आहे. डॉक्टरने सांगितलं. सच में भूलता हूँ. और मुझे बहुत डर लगता है."

अजिंक्यचा चेहरा पांढरा पडला. आपण काय काय म्हणालो होतो, गज़ब, वैसे ही भूलिए, हे सगळं त्याला आठवत असावं. "दादाजी, मैं वो सब निकाल दूँगा. सब काट दूँगा."

"नको काटू. लोकांना हसू आलं तर येऊ दे. मलाही माझ्या विसराळू आजोबांवर हसू यायचं." रामराव खाली बसले. "फक्त आता मला खोटं विसरायला सांगू नको. त्यानं मला जास्त भीती वाटते. मग खरं कुठलं ते कळत नाही."

मेघना पुढे आली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. "मैं यहीं बैठूँगी. आप जहाँ रुकें, मैं बोल दूँगी." तिने वही उघडली. रामरावांनी पहिल्यांदा त्या वहीत डोकावून पाहिलं. त्यात कपांची, शालींची आणि वेळांची नोंद होती. त्यांच्या विसरण्याविषयी एक शब्दही नव्हता.

शेवटच्या दिवशी अजिंक्यने लिहिलेला शेवट बाजूला ठेवला. पिंकी आजोबांना विचारते, तुम्ही चिठ्ठीत काय लिहिलं होतं? पिक्चरमधल्या म्हाताऱ्याची इच्छा खेळण्यातल्या तोफेची होती. अजिंक्य म्हणाला, ते राहू द्या, दादाजी, तुमची स्वतःची सांगा.

रामरावांनी आपल्या मराठीतच सांगितलं. घरात पाच भाऊ, बहीण अजून पाळण्यात. वडील दर दिवाळीला मिलच्या कापडाचा एक अख्खा तागा आणायचे आणि त्यातूनच पाचांचे कपडे, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं शिवलं जायचं. एका वर्षी तो तागा पिवळा होता, तपकिरी चौकड्यांचा. त्याच वर्षी रेल्वे कॉलनीत क्रिसमसला मुलांना केक वाटत होते. पाचही जण ओळीत उभे राहिले. वाटणाऱ्या साहेबाला वाटलं, एकच पोरगा फिरून फिरून येतो आहे. दोघांना केक मिळाला आणि तिसऱ्यापासून त्याने हाकलून दिलं. "मी चौथा होतो. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, मला केक नको, खेळणं नको. एक शर्ट दे, की तसल्या कापडाचा घरात दुसऱ्या कोणाजवळ..." ते थांबले. समृद्धीकडे पाहिलं, मग सरळ खाली मेघनाकडे पाहून विचारलं, "पुढे काय?"

"शर्ट," मेघना म्हणाली. तिला मराठी येत नव्हती, पण तेवढा शब्द कळला होता.

"हां, शर्ट."

"फिर मिला, दादाजी?" समृद्धीने विचारलं. हे तिला कोणी लिहून दिलं नव्हतं.

"मिळाला. दुकानात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात घेतला. हिरवा. आणि मग घालायची लाज वाटली. म्हटलं, भाऊ काय म्हणतील."

चोवीस डिसेंबरला दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवला. मीही गेलो होतो. रामराव पहिल्या ओळीत, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला समृद्धी. दिवे बंद झाले तेव्हा त्यांनी वहिनींचं मनगट इतकं घट्ट धरलं की मागे बसलेल्या मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. पडद्यावर कोंबडी आली, गणिताचे मास्तर आले, लोक पोट धरून हसले. "कोई तो थे" ला सगळ्यात जास्त हशा पडला. रामराव हसले नाहीत. पडद्यावरचा तो माणूस पुढची ओळ शोधत होता आणि ते ओठ हलवून त्याला सांगत होते.

शेवटचा प्रसंग आला. वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "हे तुम्ही मला कधीच नाही सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत."

"मी सांगितलं हे?" रामरावांनी हळूच विचारलं. "कधी?" पिवळा तागा त्यांना आठवत होता, केक वाटणारा साहेबसुद्धा. कॅमेऱ्यासमोर बसून बोलल्याचं मात्र काही आठवत नव्हतं.

बाहेर पडताना एकाने त्यांचा हात धरून सांगितलं, "क्या एक्टिंग की है, अंकल!" ते म्हणाले, "एक्टिंग नहीं थी, भाई." तो माणूस काही न समजून हसला आणि पुढे गेला.

जानेवारीतल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. ऊन चांगलं होतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा डॉक्टरकडे जायचं होतं, आणि त्या विचाराने ते आधीपासूनच अस्वस्थ होते. मी विचारलं, अजून तितकीच भीती वाटते का.

"वाटते ना," ते म्हणाले. "सकाळी उठलो की आधी तीच येते. पण आता मी एक विचार करून राहिलो. भीती वाटते म्हणजे मला कळून राहिलं की काय होऊन राहिलं. ज्या दिवशी नाही वाटणार..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. विसरले म्हणून नाही. ते मला दिसत होतं.

स्वयंपाकघरातून वहिनींची हाक आली, गोळीची वेळ झाली होती. रामराव उठले. व्हरांड्यात दोन दारं आहेत, एक बैठकीचं आणि एक स्वयंपाकघराचं. ते दोन्हींकडे बघत उभे राहिले. सांगू की नको, मला समजेना. मग त्यांनी डावीकडच्या दाराला हात लावला, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी मान हलवल्यावर आत गेले.